गाडीचा एरर कोड, पाण्याचा हौद आणि 'बंद' बटण: घरची कामं स्वतः करताना शिकलेले 5 धडे

मी दिवसभर कोड लिहितो आणि रविवारी हात काळे करतो. जुनी पेट्रोल कार, त्याहून जुनं घर आणि पान्यांचा एक डबा, एवढा माझा छंद. छत्रपती संभाजीनगरात असा छंद लागणं काही नवल नाही. 1985 पासून वाळूजला बजाजच्या गाड्या बनतायत, 2001 पासून शेंद्र्याला स्कोडाच्या. इथे प्रत्येक गल्लीत कुणाचे तरी काका, मामा किंवा वडील 'कंपनीत' असतात आणि प्रत्येकाकडे गाडीबद्दल एक ठाम मत असतं.

पण आज गाडी कशी दुरुस्त करायची हे सांगायचं नाहीये. गाडी आणि घर दुरुस्त करताना मी ज्या चुका केल्या, त्यातल्या बऱ्याच चुका आपण रोज फोन वापरतानाही करतो. त्यातली एक माझ्या जिवावर बेतली असती. चला, एकेक बघूया.

धडा 1: एरर कोड म्हणजे लक्षण, आजार नाही

वेरूळहून परत येत होतो. दौलताबादच्या घाटात डॅशबोर्डवर पिवळा इंजिन लाईट लागला. गाडी चालत होती, पण सिग्नलला उभी राहिली की थरथरायची.

मी खूश! कारण माझ्याकडे 700 रुपयांचा ब्लूटूथ ओबीडी स्कॅनर होता. ओबीडी म्हणजे ऑन-बोर्ड डायग्नोस्टिक्स. स्टिअरिंगखाली 16 पिनांचं एक सॉकेट असतं. अमेरिकेत 1996 पासून ते सगळ्या नव्या कारना सक्तीचं आहे, आपल्याकडे 2013 नंतरच्या कारमध्ये बहुतेक सापडतंच. त्यात अडॅप्टर लावायचा, फोनवर ॲप उघडायचं, की गाडीचा कॉम्प्युटर काय म्हणतोय ते वाचता येतं.

कोड आला P0171. तो वाचायचा कसा? P म्हणजे इंजिन-गिअरबॉक्सचा विभाग. पुढचा 0 म्हणजे सगळ्या कंपन्यांना सारखाच असलेला कोड (तिथे 1 असेल तर तो त्या कंपनीचा खास). पुढचा 1 म्हणजे इंधन आणि हवा मोजण्याची यंत्रणा. शेवटचे 71 म्हणजे नेमकी तक्रार: मिश्रण 'लीन' आहे, म्हणजे पेट्रोलच्या मानाने हवा जास्त होतेय.

एका वर्कशॉपमध्ये कोड दाखवला. "ऑक्सिजन सेन्सर गेला, साडेसहा हजार, मजुरी वेगळी." मीही इंटरनेटवर तेच वाचलं होतं. पार्ट ऑर्डर करणार, तेवढ्यात गल्लीतल्या मेकॅनिक चाचांना सहज फोन दाखवला. ते म्हणाले, "सेन्सर खराब है, ऐसा लिखेला है क्या इसमें?"

नव्हतं लिहिलेलं! कोड फक्त म्हणत होता, 'हवा जास्त आहे'. सेन्सरने तर ती तक्रार नोंदवली होती. म्हणजे तक्रार करणाऱ्यालाच आम्ही आरोपी ठरवलं होतं.

फोनवरही आपण हेच करतो. 'स्टोरेज फुल' आलं की फोटो उडवतो, खरी जागा कुठल्या तरी ॲपच्या डाउनलोडने खाल्लेली असते. बॅटरी लवकर उतरते म्हणून बॅटरी बदलतो, खरं कारण बॅकग्राउंडला चालणारं एखादं ॲप असतं. एरर काय म्हणते ते शब्दशः वाचा. त्यात नसलेलं वाक्य मनाने जोडू नका.

धडा 2: पार्ट बदलण्याआधी मोजा, आणि पुरावा पुसू नका

त्याच ॲपमध्ये लाइव्ह डेटा दिसतो. त्यात 'फ्युएल ट्रिम' नावाचा आकडा असतो. एक किलो पेट्रोल नीट जाळायला साधारण 14.7 किलो हवा लागते. ऑक्सिजन सेन्सर धुराड्यातून येणारा वायू तपासतो आणि कॉम्प्युटर त्याप्रमाणे पेट्रोल कमी-जास्त करतो. हे किती टक्के कमी-जास्त केलं, ते म्हणजे फ्युएल ट्रिम. साधारण 10 टक्क्यांच्या आत, वर किंवा खाली, असेल तर ठीक.

माझ्या गाडीचा आकडा उभ्या गाडीत अधिक 22 होता. ॲक्सिलरेटर देऊन 2500 आरपीएमला नेली की अधिक 6. इथेच उत्तर होतं. कुठल्यातरी फटीतून न मोजलेली हवा आत येत असेल, तर आयडलला इंजिन थोडीच हवा घेतं, म्हणून ती फट मोठी वाटते. वेग वाढला की एकूण हवा खूप वाढते आणि तीच फट किरकोळ ठरते. (माझ्या गाडीत आत येणारी हवा मोजणारा मॅफ सेन्सर आहे. ज्या गाड्यांत त्याऐवजी मॅप सेन्सर असतो, तिथे हे आकडे वेगळे वागू शकतात.)

चाचांनी फ्युएल ट्रिमचं नाव कधी ऐकलं नव्हतं. त्यांनी आधी मला टेप बंद करायला लावला, बॉनेटवर कान टेकवला, आणि थ्रॉटलमागची एक रबरी नळी बोटांनी दाबली. थरथर थांबली. नळीला खालच्या बाजूने चीर गेली होती. नवी नळी 180 रुपयांना आली. दोन दिवसांनी ट्रिम 3-4 टक्क्यांवर आला.

माझ्या हातातलं ॲप आणि त्यांचा कान एकच गोष्ट सांगत होते. फरक इतकाच, की ते ऐकून घ्यायला थांबले आणि मी खरेदीला निघालो होतो.

अजून एक. ॲपमध्ये 'क्लिअर कोड' नावाचं आकर्षक बटण असतं. ते लगेच दाबू नका. कोड नोंदवताना गाडीचा वेग, इंजिनचं तापमान, लोड हे सगळं 'फ्रीझ फ्रेम' म्हणून साठवलं जातं, आणि क्लिअर केलं की तेही जातं. आधी स्क्रीनशॉट काढा. फोन फॅक्टरी रिसेट करण्याआधीही हाच नियम.

आणि काम झालं की अडॅप्टर काढून ठेवा. तो उभ्या गाडीतही थोडी-थोडी बॅटरी खातो. स्वस्त अडॅप्टरचा ब्लूटूथ पिन बहुतेक वेळा 1234 च असतो, म्हणजे कुणीही जोडू शकतं.

धडा 3: 'बंद' दिसणं आणि बंद असणं वेगळं

हा धडा सगळ्यात महत्त्वाचा. लेखातलं एकच काही वाचणार असाल तर हे वाचा.

बाथरूमचा दिवा लागत नव्हता म्हणून होल्डर बदलायला घेतला. बटण बंद केलं, स्टुलावर चढलो, स्क्रू सैल केला आणि पुढच्या क्षणी मी खाली होतो. कोपर सुजलं, बाकी नशीब. ओल्या फरशीवर उभा असतो तर हा लेख लिहायला मी नसतो.

बटण बंद होतं ना? होतं. नंतर मल्टिमीटरने तपासलं, तर कुणीतरी पूर्वी वायरिंग करताना बटण फेजऐवजी न्यूट्रलच्या वायरवर जोडलं होतं. अशा जोडणीत बटण बंद केलं की सर्किट तुटतं आणि दिवा विझतो, पण फेजचे 230 व्होल्ट होल्डरपर्यंत येऊन थांबलेलेच असतात. तुम्ही हात लावला की तुमच्या शरीरातून रस्ता पूर्ण होतो. जुन्या घरांत ही चूक सापडते, आणि दिवा व्यवस्थित लागत-विझत असल्याने वर्षानुवर्षं कुणाला कळत नाही.

तेव्हापासून माझी पद्धत ठरलेली आहे:

1. नुसतं बटण नाही, मेन स्विच बंद करायचा आणि घरात सगळ्यांना सांगायचं.
2. त्याआधी टेस्टर किंवा मीटर चालू असलेल्या सॉकेटवर तपासायचा. तो खरंच चालतो का, हे आधी बघायचं.
3. मेन बंद केल्यावर, जिथे काम करायचंय तिथे तपासायचं. शून्य आलं पाहिजे.
4. घरात इन्व्हर्टर असेल तर तोही बंद केलाय का, हे वेगळं बघायचं.
5. तोच मीटर परत एखाद्या चालू जागी तपासायचा. इन्व्हर्टर बंद, म्हणून शेजारचं सॉकेट चालतं. मधल्या वेळात मीटरच बिघडला असेल तर ते शून्य खोटं.

शिवाय घरात आरसीसीबी आहे का ते बघा. बरेच जण म्हणतात, "आमच्याकडे एमसीबी आहे की." एमसीबी वायर जळू नये म्हणून असतो. तो 6, 16 अशा अँपिअरचा असतो. माणसाचा जीव त्याच्या कितीतरी कमी, काही दशांश अँपिअरमध्येच जाऊ शकतो. आरसीसीबी गेलेला आणि परत आलेला करंट यांची तुलना करतो, आणि 30 मिलिअँपिअरचा फरक दिसला की तोडतो. त्यावर 'टेस्ट' लिहिलेलं बटण असतं. महिन्यातून एकदा दाबा. ट्रिप झाला पाहिजे. तो बसवायला मात्र परवानाधारक वायरमनच बोलवा, मीही तेच केलं.

धडा 4: शेवटचा आकडा कधीचा आहे?

आमच्या शहरात नळाला रोज पाणी येत नाही. आमच्याकडे आठवड्यातून एकदा येतं, कधी रात्री दोनला. पाण्याच्या दिवशी कुणीतरी उठतं, व्हॉल्व्ह उघडतं, हौदात काठी घालून पातळी बघतं. हे काम पप्पांचं.

मी म्हटलं, इंजिनिअर मुलगा असताना काठी कशाला? हौदाच्या झाकणाला आतून अल्ट्रासॉनिक सेन्सर लावला (वॉटरप्रूफ घ्या, साधा सेन्सर वाफेने खराब होतो), एक छोटं वाय-फाय बोर्ड जोडलं, आणि फोनवर टक्केवारी दिसायला लागली. पप्पांनी शेजाऱ्यांनाही दाखवलं.

मग एका रात्री पाणी आलं. पप्पांनी पडल्या-पडल्या फोन बघितला: 85 टक्के. ते परत झोपले.

सकाळी आईने मोटर लावली. थोड्याच वेळात मोटर हवा ओढायला लागली. हौद जवळपास रिकामा होता. मी चार दिवसांपूर्वी राउटरचा पासवर्ड बदलला होता आणि त्या बोर्डला नवा पासवर्ड द्यायला विसरलो होतो. ॲप चार दिवस तोच शेवटचा आकडा दाखवत राहिलं. टँकर मागवावा लागला. आई आठवडाभर बादलीने मोजून पाणी वापरत होती आणि मला एक शब्द बोलली नाही, तेच जास्त लागलं. पप्पा एवढंच म्हणाले, "काठीला पासवर्ड लागत नाही रे."

चूक सेन्सरची नव्हती, माझ्या कोडची होती. आता आकड्याच्या खाली 'किती मिनिटांपूर्वी' हे दिसतं. अर्ध्या तासापेक्षा जुना असेल तर ॲप टक्केवारी दाखवतच नाही, लाल अक्षरात 'माहीत नाही' म्हणतं. मोटरला हौद रिकामा झाला की बंद करणारा साधा फ्लोट स्विच लावलाय, जो इंटरनेटशिवाय चालतो. आणि काठी परत जागेवर आलीय.

आपल्याच शहरात याचं जुनं उदाहरण आहे. सतराव्या शतकात मलिक अंबरने जमिनीखालून नहर काढून शहराला पाणी दिलं. पाणचक्कीतही डोंगराकडून मातीच्या नळांतून आलेल्या पाण्याच्या जोरावर दळण व्हायचं. उतार हीच त्यांची मोटर होती, आणि उतार काही ऑफलाइन जात नाही.

फोनवर ही सवय खूप उपयोगी पडते. यूपीआयमध्ये 'प्रोसेसिंग' दिसलं की लगेच दुसऱ्यांदा पैसे पाठवू नका, आधी बँकेच्या खात्यात बघा. नेट नसताना ॲप दाखवतं ती शिल्लक, ते ट्रॅफिक, ते हवामान कदाचित सकाळचं असेल.

धडा 5: कुठे थांबायचं हे आधी ठरवा

एकदा स्पार्क प्लग 'अजून थोडा घट्ट' करताना मी ॲल्युमिनिअमच्या हेडचे आटे घालवले. 15 मिनिटांचं काम तीन दिवसांचं झालं. म्हणून आता काम सुरू करण्याआधी स्वतःला एकच प्रश्न विचारतो: हे चुकलं तर काय होईल?

पैसे जातील एवढंच असेल, तर करून बघतो. एअर फिल्टर, वायपर, बॅटरी टर्मिनल, नळाचा वॉशर, फोनचा डेटा बॅकअप ही कामं नक्की शिका. उघडण्याआधी प्रत्येक पायरीचा फोटो काढा, स्क्रू निघाले त्या क्रमाने ठेवा.

कुणाचा जीव जाऊ शकतो असं असेल, तर हात लावत नाही. एअरबॅग, ब्रेकच्या लाईन्स, इलेक्ट्रिक गाडीतल्या नारंगी केबल्स, मायक्रोवेव्हच्या आतला भाग (त्यातला कपॅसिटर प्लग काढल्यावरही चार्ज धरून ठेवतो), गॅसची जोडणी. आणि फोनची फुगलेली बॅटरी! ती दाबू नका, टोचू नका, चार्जिंगला लावू नका. फोन बंद करा आणि थेट सर्व्हिस सेंटरला न्या.

स्वतः काम करण्याचा फायदा पैसे वाचण्यापुरता नाही. आता वर्कशॉपमध्ये कुणी "सेन्सर गेला" म्हटलं, की मी शांतपणे विचारतो, "कशावरून कळलं? आकडा दाखवता का?" चांगला मेकॅनिक या प्रश्नाने चिडत नाही, उलट खुर्ची पुढे सरकवतो. चाचा तर आता नवीन गाडी आली की मलाच हाक मारतात, "बेटा, तेरा मोबाईल ला."

मी स्कॅनर लावतो. ते टेप बंद करतात आणि बॉनेटवर कान टेकवतात.