‘बंद पाडणे’ आणि ‘बंदी घालणे’ : ‘फायर’ चित्रपटाच्या वादातील काही शब्दांचा विचार

एखादी चालू गोष्ट थांबली असे सांगताना मराठी भाषा ‘बंद’ या मूळ फारसी शब्दाला निरनिराळ्या क्रियापदांची जोड देते. घड्याळ बंद पडते. दुकानदार रात्री दुकान बंद करतो. मोर्चातील लोक बाजार बंद पाडतात. सरकार निर्यातीवर बंदी घालते. या सर्व प्रयोगांचा परिणाम वरवर पाहता एकच, म्हणजे थांबणे हा होय. परंतु थांबविणारा कोण, त्याला तसा अधिकार कोणी दिला आणि त्याने आपल्या कृतीचा जाब कोणाला द्यावयाचा, या तीन प्रश्नांची उत्तरे प्रत्येक प्रयोगात वेगळी आहेत. १९९८ च्या डिसेंबरात मुंबईत ‘फायर’ या चित्रपटाचे खेळ थांबले, त्या वेळी निर्माण झालेल्या वादाचा उलगडा या भेदाच्या आधारे बराचसा होऊ शकतो. त्या चित्रपटाला ‘बंदी घातलेला चित्रपट’ म्हणण्याचा प्रघात पुष्कळ ठिकाणी आढळतो. वस्तुतः त्यावर भारतात बंदी कधीच नव्हती.

‘फायर’ हा चित्रपट मूळचा इंग्रजी. अमृतसर येथे जन्मलेल्या आणि पुढे कॅनडात स्थायिक झालेल्या दीपा मेहता यांनी तो १९९६ साली पूर्ण केला. कथानक दिल्लीतील एका मध्यमवर्गीय एकत्र कुटुंबात घडते. कुटुंबाचे खाद्यपदार्थांचे दुकान असून त्यालाच जोडून व्हिडिओ फिती भाड्याने देण्याचा व्यवसाय आहे. थोरली सून राधा निपुत्रिक आहे, आणि तिच्या पतीने एका स्वामींच्या उपदेशावरून ब्रह्मचर्य स्वीकारले आहे. धाकट्या सुनेचा पती दुसऱ्या स्त्रीत गुंतलेला आहे. या दोन जावांमध्ये प्रथम सहानुभूती, नंतर स्नेह आणि शेवटी शारीरिक प्रेम उत्पन्न होते. घरातील वृद्ध सासूची वाचा गेलेली आहे आणि ती हातातील घंटा वाजवून आपली इच्छा कळविते. शबाना आझमी यांनी राधेची व नंदिता दास यांनी धाकट्या जावेची भूमिका केली होती.

चित्रपट प्रमाणन मंडळाने १९९८ साली या चित्रपटाला केवळ प्रौढांसाठी असलेले प्रमाणपत्र दिले. मंडळाने एकही दृश्य कापले नाही. अट घातली ती एका नावाविषयी. इंग्रजी चित्रपटातील ‘सीता’ हिंदी आवृत्तीत ‘नीता’ झाली. ध्वनिदृष्ट्या ही अट पाळणे अगदी सोपे होते. दोन्ही नावांत केवळ आद्य व्यंजनाचा फरक आहे. ‘स’ आणि ‘न’ हे दोन्ही वर्ण परंपरेने दन्त्य मानले जात असल्यामुळे उच्चारताना ओठांची ठेवण बदलत नाही, आणि पडद्यावरील मुखाशी नवा ध्वनी सहज जुळतो. अर्थदृष्ट्या मात्र हा फरक लहान नव्हे. ‘सीता’ या नावामागे अग्निपरीक्षेचे संपूर्ण आख्यान उभे आहे, आणि ज्या चित्रपटाचे नावच ‘अग्नी’ आहे त्यात ते नाव योजण्यामागील हेतू उघड होता. ‘नीता’ या नावामागे असे काहीच नाही. राधेच्या नावाला मात्र मंडळाने हात लावला नाही. परंपरेत विवाहबाह्य प्रेमाशी जोडले गेलेले ते नाव मंडळाला खटकले नसावे, ही गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे.

नोव्हेंबर १९९८ मध्ये चित्रपट प्रदर्शित झाला आणि मोठ्या शहरांत सुमारे तीन आठवडे निर्वेधपणे चालला. २ डिसेंबर रोजी गोरेगाव येथील सिनेमॅक्स चित्रपटगृहात शिवसैनिकांचा दोनशेहून मोठा जमाव शिरला. काचा फोडण्यात आल्या, जाहिरातफलक जाळण्यात आले आणि प्रेक्षकांना तिकिटांचे पैसे परत करणे व्यवस्थापकांना भाग पडले. दुसऱ्या दिवशी दिल्लीच्या रीगल चित्रपटगृहात असाच प्रकार झाला. सुरतेत बजरंग दलाच्या लोकांनी लाठ्या घेऊन प्रेक्षकांना बाहेर काढले. त्याच दिवशी सुरत व पुणे येथील चित्रपटगृहांतून चित्रपट उतरविण्यात आला. मुंबईत काहींना अटक झाली खरी. परंतु राज्याचे तत्कालीन मुख्यमंत्री मनोहर जोशी यांनी हल्ला करणाऱ्यांचे जाहीर अभिनंदन केले आणि चित्रपटाचा विषय आपल्या संस्कृतीला परका असल्याचे सांगितले. ४ डिसेंबर रोजी चित्रपट फेरविचारासाठी पुन्हा प्रमाणन मंडळाकडे पाठविण्यात आला.

आता प्रारंभी सांगितलेल्या क्रियापदांकडे वळणे युक्त होईल. ‘पडणे’ या अकर्मक धातूतील स्वर दीर्घ होऊन ‘पाडणे’ हा सकर्मक धातू सिद्ध होतो. ‘मरणे–मारणे’, ‘चरणे–चारणे’ या जोड्या अशाच आहेत. ‘बंद पडणे’ या प्रयोगात कर्त्याला वाव नाही. यंत्र बंद पडते, ते कोणी बंद करीत नाही. ‘बंद पाडणे’ या प्रयोगात कर्ता येतो, पण तो वस्तूचा धनी नसतो. बाजार बंद पाडला जातो तेव्हा दुकानाचे दार ओढून घेणारा हात दुकानदाराचाच असतो. मात्र क्रियेचे कर्तृत्व रस्त्यावर उभ्या असलेल्या माणसांकडे जाते. मराठी भाषकाने हा सूक्ष्म भेद अनुभवातूनच घडविलेला आहे. मुंबईसारख्या ‘बंद’ वारंवार पाहिलेल्या शहरात तो समजावून सांगण्याची गरज पडत नाही.

एकाच घटनेचे वर्णन या निरनिराळ्या क्रियापदांनी केले असता जबाबदारी कशी सरकत जाते, हे पाहण्यासारखे आहे. ‘खेळ बंद झाला’ असे म्हटले की कर्ता नाहीसा होतो. ‘चित्रपटगृहाने खेळ बंद केला’ असे म्हटले की तो मालकाचा स्वतंत्र निर्णय ठरतो. ‘चित्रपटावर बंदी आली’ असे म्हटले की एखाद्या शासकीय आज्ञेची कल्पना होते. ‘खेळ बंद पाडला’ या एकाच प्रयोगात हल्ला करणारा कर्ता म्हणून आणि दार लावणारा परतंत्र म्हणून, असे दोघेही योग्य जागी राहतात. ‘बंदी’ हा शब्द सैलपणे वापरल्याने अन्याय दुहेरी होतो. जमावाची कृती राज्याची कृती असल्यासारखी प्रतिष्ठित ठरते, आणि जे राज्याने करावयास हवे होते व केले नाही, ते दृष्टीआड होते.

हा भेद केवळ व्याकरणापुरता नाही. बंदीला कागद असतो. त्यावर सही, दिनांक आणि कारण असते. म्हणून तिच्याविरुद्ध दाद मागता येते. विजय तेंडुलकरांच्या ‘सखाराम बाइंडर’ या नाटकाला १९७२ साली नाट्यप्रयोग परिनिरीक्षण मंडळाने अडविले तेव्हा दिग्दर्शक कमलाकर सारंग मुंबई उच्च न्यायालयात गेले आणि निर्णय त्यांच्या बाजूने लागला. बंद पाडलेल्या खेळाला असा कागद नसतो. ‘फायर’च्या बाबतीत दीपा मेहता, दिलीपकुमार, महेश भट्ट प्रभृतींनी सर्वोच्च न्यायालयाकडे धाव घेतली, तेव्हा रद्द करण्याजोगी बंदीची आज्ञाच अस्तित्वात नव्हती. त्यांना मागावे लागले ते प्रदर्शनासाठी संरक्षण. पुढे दिलीपकुमार यांच्या घरासमोर शिवसैनिकांनी अर्धनग्न निदर्शने केली.

या प्रश्नावरील कायदा त्या वेळी अस्पष्ट होता असेही नाही. ‘ओरे ओरु ग्रामत्तिले’ या तमिळ चित्रपटाच्या प्रकरणी, एस. रंगराजन विरुद्ध पी. जगजीवन राम या खटल्यात, सर्वोच्च न्यायालयाने १९८९ सालीच निर्णय दिला होता. प्रमाणपत्र मिळालेल्या चित्रपटाचे प्रदर्शन निदर्शनांच्या किंवा हिंसेच्या धाकाने रोखता येणार नाही, आणि विरोधी जमावाला आवरणे आपणास अशक्य आहे अशी सबब राज्याला सांगता येणार नाही, असा त्याचा आशय आहे. अर्थात कायद्याच्या भाषेत ‘बंद पाडणे’ या क्रियेचे उत्तर पोलीस हेच होते. कलकत्त्यात हे उत्तर निराळ्या मार्गाने मिळाले. तेथे खेळ उधळण्याचा प्रयत्न झाला असता डोअरकीपर आणि प्रेक्षक यांनीच प्रतिकार केला व चित्रपट चालू राहिला.

चित्रपटगृहाच्या मालकाला एखादा चित्रपट न लावण्याचा अधिकार नाही काय, असा आक्षेप येथे घेता येईल. तो अधिकार निःसंशय आहे, आणि त्याचे एक उदाहरण अमेरिकेत आढळते. २००६ च्या जानेवारीत युटा राज्यातील सॉल्ट लेक सिटी शहरालगतच्या सँडी या गावी लॅरी मिलर यांच्या मालकीच्या चित्रपटगृहाने ‘ब्रोकबॅक माउंटन’ हा दोन पुरुषांच्या प्रेमावरील चित्रपट जाहीर करून ऐन वेळी मागे घेतला. मालकाच्या निर्णयाचे काहींनी स्वागत केले, काहींनी तीव्र निषेध केला. परंतु त्या निर्णयाचा कर्ता स्पष्ट होता, त्याच्यावर नाव घेऊन टीका करता येत होती, आणि त्याच शहरातील दुसऱ्या चित्रपटगृहात जाऊन तो चित्रपट पाहण्याची वाट प्रेक्षकाला मोकळी होती. हा ‘न लावणे’ किंवा फार तर ‘बंद करणे’ यांचा प्रकार होय. ज्याच्या काचा फोडण्यात आल्या, त्या गोरेगावच्या व्यवस्थापकाच्या कृतीला तेच क्रियापद लावणे म्हणजे भयाला निवड म्हणणे होय.

नामांचा प्रश्नही या वादात तितकाच महत्त्वाचा होता. चित्रपटातील धाकटी जाऊ एके ठिकाणी अशा आशयाचे उद्गार काढते की, आपल्या दोघींमधील नात्याला आपल्या भाषेत शब्दच नाही. वादात भाग घेणाऱ्यांचे वर्तन पाहता या विधानाला पुष्टी मिळते. विरोधकांनी विषयाला ‘परका’ आणि ‘विकृत’ म्हटले. समर्थकांपैकी अनेकांनीही हा चित्रपट मुख्यतः स्त्रियांच्या एकटेपणाविषयी अथवा अभिव्यक्तिस्वातंत्र्याविषयी आहे असे सांगून मूळ शब्द टाळला. ७ डिसेंबर रोजी दिल्लीत मेणबत्त्या घेऊन झालेल्या निदर्शनांत काही स्त्रियांनी आपण ‘भारतीय आणि लेस्बियन’ आहोत असे सांगणारा फलक हाती धरला. दोन विशेषणांमधील ‘आणि’ या अव्ययाला त्या दिवशी जे महत्त्व होते, ते क्वचितच कधी असेल. संस्कृतीला परके ठरविणाऱ्या युक्तिवादाला त्या एका अव्ययाने उत्तर दिले होते.

मराठीत यासाठी आज ‘समलिंगी’ हा घडीव संस्कृत शब्द रूढ आहे. त्यातील ‘लिंग’ हा शब्द व्याकरणातही वापरला जातो, त्यामुळे तो ऐकणाऱ्याला थोडा शास्त्रीय आणि थोडा दूरचा वाटतो. परंतु शब्द दूरचा वाटला म्हणून विषय परका ठरत नाही. तेंडुलकरांचे ‘मित्राची गोष्ट’ हे नाटक १९८१ साली मराठी रंगभूमीवर आले. त्याच्या केंद्रस्थानी स्त्रीवर प्रेम करणारी स्त्री आहे. जब्बार पटेल यांच्या १९८२ च्या ‘उंबरठा’ या चित्रपटात महिलाश्रमातील दोन स्त्रियांचे असेच नाते आले आहे. त्याही मागे इस्मत चुगताई यांची ‘लिहाफ’ ही उर्दू कथा १९४२ ची. तिच्यावर लाहोरच्या न्यायालयात अश्लीलतेचा खटला झाला, तेव्हा तिच्यातील नेमका अश्लील शब्द कोणता हे साक्षीदारांना दाखविता आले नाही, असे त्यांनी आपल्या आत्मकथनात नमूद केले आहे. सबब, विषय परका नव्हता. त्याचे नाव उघडपणे घेणे नवे होते.

नावाचा प्रश्न विरोधकांनीही ओळखला होता. पात्रांची नावे हिंदू न ठेवता मुसलमान ठेवल्यास विरोध मागे घेता येईल, अशा आशयाची भूमिका बाळ ठाकरे यांनी मांडली. यावरून आक्षेपाचे खरे स्थान कळून येते. कृती आक्षेपार्ह असती तर नाव बदलल्याने ती निर्दोष झाली नसती. प्रमाणन मंडळाची ‘नीता’ आणि ही अट यांत हेतूचे मोठे अंतर आहे. तरी दोन्हींचा रोख एकच दिसतो, आणि तो म्हणजे ही कथा ‘आमच्या’ घरातील नव्हे असे नावाद्वारे सुचविणे.

१२ फेब्रुवारी १९९९ रोजी मंडळाने चित्रपट कोणतीही नवी काटछाट न करता पुन्हा मान्य केला, आणि २६ फेब्रुवारीपासून खेळ शांतपणे सुरू झाले. पुढे ६ सप्टेंबर २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने प्रौढांच्या संमतीच्या समलिंगी संबंधांना गुन्ह्याच्या व्याख्येतून वगळले. या दोन घटनांमुळे १९९८ चा वाद मिटला असे मानण्याचा मोह होतो. तथापि खेळ पुन्हा सुरू होणे हे बंद पाडण्याच्या कृतीचे उत्तर नव्हे. गोरेगावात ज्या प्रेक्षकाला तिकिटाचे पैसे परत मिळाले, त्याला पैशाखेरीज दुसरे काही परत मिळाले नाही. आणि त्या गर्दीत, स्वतःच्या आयुष्याचे नाव प्रथमच पडद्यावर ऐकण्यासाठी आलेली एखादी स्त्री असल्यास, तिला कोणी थांबविले हे तिला नेमक्या शब्दांत सांगणे समाजाचे कर्तव्य होते. ‘चित्रपटावर बंदी होती’ हे वाक्य त्या कर्तव्यात कमी पडते. ‘चित्रपट बंद पाडला गेला, आणि तो बंद पाडू दिला गेला’ हे वाक्य ते पार पाडते.