वावधन सुटलं आणि उभी गाडी आडवी झाली

ज्यांना इअरफोन सापडत नाहीयेत किंवा बसमध्ये आवाज नीट येत नाही, त्यांच्यासाठी या एपिसोडचं हे लिखित रूप. बोलताना दोन ठिकाणी आकडे चुकलो होतो, ते इथे दुरुस्त केलेत. त्यामुळे ऐकलेल्यांनीही एकदा नजर टाका.

तर झालं असं. कारंजा तालुक्यातलं आमचं कामरगाव. मावसभावाने कर्ज काढून चाकांवरची खाण्याची गाडी घेतली होती. पिकअपच्या मागे जोडून न्यायची, दोन चाकांची, पत्र्याची पेटीच म्हणा. एका बाजूचा झाप वर उचलला की दुकान सुरू. मे महिन्यातली संध्याकाळ, पश्चिमेकडे काळंभोर झालेलं. गिऱ्हाईक होतं म्हणून याने झाप उघडाच ठेवला. बाहेरच्या प्लास्टिकच्या खुर्च्या उडायला लागल्या तसा तो त्या आणायला खाली उतरला. खुर्ची हातात धरून वळतो तर गाडी हळूहळू, अगदी म्हैस बसते तशी, आडवी झालेली. आत कढईत तेल होतं. शेगडी चालू होती. तो अर्ध्या मिनिटापूर्वी तिथेच उभा होता.

मामा म्हणाले, "एवढी नऊशे किलोची गाडी, उलटली कशी रे?" मी पुण्यात बसून कोड लिहिणारा माणूस, मेकॅनिकल मला फक्त पहिल्या वर्षाला होतं. पण प्रश्न डोक्यातून जाईना. म्हणून बसलो गणित करायला.

आधी वारा समजून घेऊ. आपल्याकडे समुद्र नाही, त्यामुळे चक्रीवादळ येतं ते बहुतेक मोबाइलमध्येच. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ रायगडच्या किनाऱ्यावर धडकलं ते आपण टीव्हीवर पाहिलं. हवामान विभाग ताशी ११८ किलोमीटरच्या पुढे गेलेल्या चक्रीवादळाला ‘अति तीव्र’ म्हणतो, अमेरिकेतलं हरिकेन साधारण याच आकड्यापासून सुरू होतं. वऱ्हाडातलं वावधन वेगळं असतं. एप्रिल-मेमध्ये जमीन तापून ४३-४४ अंशांवर जाते, दुपारनंतर उंच ढग चढतो, आणि त्यातून पडणारा पाऊस खालच्या कोरड्या हवेत अर्धा वाळून जातो. पाणी वाळताना हवेची उष्णता घेतं, हवा गार होते, गार झाली की जड होते आणि धपकन खाली येते. जमिनीवर आपटून ती चहूकडे पसरते. पावसाच्या आधी येणारी ती धुळीची भिंत म्हणजे हीच हवा. चक्रीवादळ दोन-तीन दिवस आधी सांगून येतं, हे वीस मिनिटांत येतं आणि वीस मिनिटांत जातं. शिवाय ढग कुठे आहे त्यावर दिशा ठरते, त्यामुळे ‘आपल्याकडे वारा नेहमी इकडूनच येतो’ या भरवशावर गाडी लावता येत नाही.

आता गणित. घाबरू नका, एकच ओळ आहे. भारतीय मानक आयएस ८७५ च्या तिसऱ्या भागात वाऱ्याचा दाब काढायचं सूत्र दिलंय: ०.६ गुणिले वेगाचा वर्ग. वेग मीटर प्रति सेकंदात, उत्तर दर चौरस मीटरला न्यूटनमध्ये. सगळी गोम त्या ‘वर्ग’ शब्दात आहे. वारा दुप्पट झाला की दाब दुप्पट होत नाही, चौपट होतो.

भावाची गाडी ३.६ मीटर लांब, पेटीची उंची २.१ मीटर, जमिनीपासून ०.६ मीटर वर. म्हणजे बाजूचं तोंड साधारण साडेसात चौरस मीटर. पेटीच्या आकारासाठी १.२ ने गुणलं. ताशी ६० च्या वाऱ्यात या बाजूवर जोर येतो सुमारे १५५ किलोचा. ताशी १२० ला ६१७ किलोचा. हा जोर पेटीच्या मध्यावर, जमिनीपासून १.६५ मीटरवर लागतो असं धरू. गाडीला जागेवर धरून ठेवतं तिचं स्वतःचं वजन, पण त्याला तरफ मिळते फक्त दोन चाकांमधल्या अर्ध्या अंतराची, म्हणजे ०.८५ मीटरची. ९०० गुणिले ०.८५, झाले ७६५. वाऱ्याच्या बाजूने ६० ला २५५, १२० ला १०१८. दोन्ही आकडे बरोबरीत येतात ताशी १०४ च्या आसपास.

मी खूश झालो. म्हटलं कामरगावात कुठला १०४ चा वारा! मग लक्षात आलं की छप्पर विसरलो.

वारा सपाट छतावरून जाताना छताला वर ओढतो. ही ओढ धरली की आकडा १०४ वरून ९२ ला येतो. आणि झाप उघडा असेल तर? तीन मीटर लांब, एक मीटर रुंद पत्रा आडवा बाहेर आलेला, खालून वारा भरतोय, वरून ओढतोय. शिवाय तो गाडीच्या कडेला असल्याने त्याला तरफ सगळ्यात लांब मिळते. झापाच्या बाजूनेच वारा आला असं धरून मोजलं तर गाडी पंचाहत्तरीतच उचलायला लागते. त्यात उघड्या बाजूने आत शिरलेली हवा छताला आतूनही ढकलते, ती मी या हिशेबात धरलेली नाही. त्याच मानकात बंद इमारतीसाठी आतल्या दाबाचा गुणांक ०.२ आहे आणि मोठी उघडी बाजू असेल तर ०.७. साडेतीन पट! घरावरचे टिन उडतात ते यामुळेच. वारा टिन वरून नेतो असं आपल्याला वाटतं. प्रत्यक्षात फुटलेल्या दारातून आत आलेली हवा त्यांना खालून उचलून देते.

(इथे एक आडवी गोष्ट. टिनावर दगड ठेवणं थांबवा. वाऱ्याने टिन उचलला की दगड माणसावर येतो. टिन खाली लाकडाला किंवा लोखंडी पाइपला हुकाने आवळायचे असतात, वरून दाबायचे नसतात.)

याच मानकाच्या नकाशात नागपूरला ताशी १५८ आणि औरंगाबादला १४० किलोमीटरचा मूळ वेग दिलाय. पन्नास वर्षांत एकदा येऊ शकेल असा, दहा मीटर उंचीवरचा, तीन सेकंदांचा झोत. जमिनीलगत वारा याहून कमीच असतो. पण ‘आपल्याकडे कुठला आलाय असा वारा’ हे वाक्य मी तरी आता म्हणत नाही.

मग उपाय काय? लोक पहिल्यांदा दोरी आणि खुंटी म्हणतात. मीही म्हणालो होतो. पण आपली काळी माती उन्हाळ्यात भेगाळते, हात जाईल एवढ्या चिरा पडतात, आणि पहिला पाऊस पडला की लोण्यासारखी होते. बैल बांधायची खुंटी तिच्यात बैलाला धरते, कारण बैल आडवा ओढतो. वारा वर उपटतो. भावाने हाताने खुंटी ठोकली, मी पाय रोवून सरळ वर ओढली, आली.

काळ्या मातीत टिकतं ते पुरलेलं वजन. दोन फूट बाय दोन फूट बाय दोन फूट काँक्रीटचा ठोकळा जवळपास पाचशे किलोचा होतो. त्यात सळईची कडी बसवून तो जमिनीत पुरायचा, कडी तेवढी वर. गाडीची रोजची जागा ठरलेली असेल तर दोन्ही बाजूंना दोन-दोन. कडीपासून ट्रकवाले माल आवळायला वापरतात तो रॅचेटचा पट्टा, आणि तो गाडीच्या चेसिसला बांधायचा. पेटीला नाही. पेटीला बांधलं तर चेसिस जागेवर राहील आणि पेटी जाईल. नायलॉनची दोरी नको, ती ताणली जाते. गाडीला हलायला जागा मिळाली की प्रत्येक झोताला ती हिसका देते, आणि हिसक्याचा जोर सावकाश ओढीपेक्षा कितीतरी जास्त असतो.

पण सगळ्यात स्वस्त उपाय वेगळाच निघाला, आणि खरं सांगू, मला तो सुचला नाही, वेल्डिंगवाल्या काकांना सुचला. ते म्हणाले, "क्रेनले पाय असतात ना बे, तसे पाय लावून देऊ." चारही कोपऱ्यांतून बाहेर सरकणारे चौकोनी पाइप, टोकाला स्क्रू जॅक. चाकांमधलं अंतर १.७ मीटर होतं, पायांमधलं झालं २.६. तरफ ०.८५ वरून १.३ वर. ९०० गुणिले १.३ म्हणजे ११७०. त्यात तळाला तीनशे लिटरची पाण्याची टाकी भरून ठेवली तर १५६०. छताच्या ओढीसकट १२० ला वाऱ्याच्या बाजूने येतात साधारण पंधराशेच्या आत. म्हणजे झाप बंद असेल तर गाडी कागदावर तरी अति तीव्र चक्रीवादळाच्या उंबरठ्यापर्यंत उभी राहते. फक्त जॅकखाली जाड लाकडी फळी हवीच, नाहीतर ओल्या मातीत जॅक रुतला की पाय असून नसल्यासारखे.

आता अवघड प्रश्न: गाडी लावायची कुठे? मे महिन्यात आपल्याला हवी सावली. कडुलिंब, चिंच, जे असेल ते. ९ एप्रिल २०२३ ची रात्र आठवा. अकोला जिल्ह्यात पारसला बाबूजी महाराजांच्या मंदिरात लोक वादळापासून वाचायला टिनाच्या शेडखाली थांबले होते. जुना कडुलिंब शेडवर पडला आणि ७ जणांचा जीव गेला. लोकांनी काहीच चूक केली नव्हती, पाऊस आला की आपण सगळे शेडखालीच जातो. मोठी होर्डिंगही तशीच. घाटकोपरला १३ मे २०२४ ला पेट्रोल पंपावर होर्डिंग पडलं, १७ जण गेले. एवढा मोठा पत्रा म्हणजे जहाजाचं शीडच. त्यामुळे दुपारी सावलीत आणि आभाळ भरलं की मोकळ्यावर, हे करायचं तर गाडी पिकअपला जोडलेलीच ठेवावी लागते. भाऊ म्हणतो डिझेल कोण देणार. बरोबर आहे त्याचं. शेवटी झाडापासून झाडाच्या उंचीएवढं अंतर सोडून हिरव्या जाळीची सावली केली. वादळात जाळी फाटून गेली तर जाऊ दे, ती मुद्दामच कच्च्या दोरीने बांधलीय.

अमेरिकेत अशा गाड्यांमध्ये लोक राहतात. १९९२ मध्ये अँड्र्यू वादळाने फ्लोरिडात चेसिसवर बांधलेली हजारो तयार घरं भुईसपाट केली, त्यानंतर १९९४ मध्ये तिथे अशा घरांसाठी वाऱ्याचे नियम कडक झाले. प्रवासी ट्रेलरवाल्यांना मात्र आजही पहिला सल्ला एकच मिळतो: ओढून दूर न्या, नाही जमलं तर सोडून पळा, आत थांबू नका. आपल्याकडे राज्य सरकारने २०२१ मध्ये कॅरव्हान पर्यटनाचं धोरण आणलं, कोकणात अशा गाड्या भाड्याने घेऊन फिरणारे माझे ऑफिसातले मित्र आहेत. त्यांनाही हेच लागू. जूनच्या तोंडावर किनाऱ्यावर गाडी लावून आत झोपायची हौस नको.

फोनवर काय ठेवाल? ‘दामिनी’ हे पुण्याच्या आयआयटीएमचं अॅप तुमच्या आसपास २० आणि ४० किलोमीटरमध्ये वीज पडतेय का ते दाखवतं. वीज म्हणजे ढग, ढग म्हणजे वारा. हवामान विभाग जिल्हावार पुढच्या तीन तासांचा इशारा देतो, विदर्भाचा नागपूरहून येतो. ४० च्या वर्तुळात ठिपके दिसले की भाऊ झाप पाडतो. गिऱ्हाईक असलं तरी. मग शेगडी बंद, सिलिंडरचा रेग्युलेटर काढून सिलिंडर बाहेर साखळीने बांधलेला, विजेची वायर काढलेली, पट्टे आवळलेले. सहा मिनिटं लागतात, आम्ही घड्याळ लावून मोजलंय. पहिल्यांदा अकरा लागली होती.

विम्याचंही पटकन सांगतो. नुसत्या थर्ड पार्टी विम्यात वादळाचं नुकसान मिळत नाही, स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा भाग घेतलेला असावा लागतो. आतली भट्टी, फ्रीज ही नंतर बसवलेली सामग्री पॉलिसीत वेगळी लिहून घ्या. भावाच्या पॉलिसीत ती नव्हती. त्याचे हप्ते अजून चालू आहेत, जुन्या फ्रीजचे आणि नव्याचेही.

परवा त्याचा व्हॉइस मेसेज आला. मागे वाऱ्याचा घोंगाट, कुठेतरी टिन वाजतंय. तो शाळेच्या स्लॅबच्या व्हरांड्यात उभा होता, सोबत त्याच्या गाडीवर भजी खायला आलेली चार पोरं. म्हणतो, "दादा, गाडी हलून राह्यली, पण उभी हाय. अन् हे पोट्टे भज्याचे पैसे परत मागून राह्यले."