मोबाईलची रेंज संपते तिथून पुढे: जहाजावरचा रेडिओ कसा चालतो, घरच्यांना काय माहीत असावं

२०२१ सालच्या बकरी ईदच्या दुसऱ्या दिवशी, म्हणजे २२ जुलैला, महाड तालुक्यातल्या तळीये गावावर दरड कोसळली. ऐंशीहून अधिक माणसं गेली. त्या दिवशी महाड शहर पुराच्या पाण्यात होतं, रस्ते बंद, वीज गेलेली, मोबाईलचं नेटवर्क बसलेलं. दरड दुपारनंतर आली आणि मोठी बचावपथकं गावात पोहोचली ती दुसऱ्या दिवशी. बातमी बाहेर निघायलाच किती वेळ गेला, हे महाड-पोलादपूरच्या माणसाला वेगळं सांगायला नको.

नेटवर्क बसलं की काय होतं ते आपण त्या दिवशी जमिनीवर बघितलं. दर्यावर किनारा जरा लांब गेला की नेटवर्क नसतंच, आणि तिथे आपली माणसं रोज कामाला असतात. महाडच्या खाडीपट्ट्यातून, म्हसळा-श्रीवर्धन-मुरुडकडून किती मुलं मर्चंट नेव्हीत, टगवर, बार्जवर, आखातातल्या सप्लाय बोटींवर आहेत, ते प्रत्येक मोहल्ल्यात ठाऊक असतं. पगार किती, सुट्टी कधी, हे घरी सगळ्यांना पाठ. पण जहाजावर संकट आलं तर त्याची हाक कोणाकडे जाते, कशी जाते, आणि त्यात घरच्या फोन नंबरचं काय काम असतं, हे फार थोड्यांना माहीत असतं.

तळीयेच्या महिनाभर आधीचं आपल्याच जिल्ह्यातलं उदाहरण घेऊ. १७ जून २०२१ ला रेवदंडा बंदराजवळ, किनाऱ्यापासून जेमतेम तीन किलोमीटरवर, 'एमव्ही मंगलम' हे जहाज बुडायला लागलं. वर सोळा माणसं. जहाजावरच्या सेकंड ऑफिसरने मुंबईच्या सागरी बचाव समन्वय केंद्राला, म्हणजे एमआरसीसीला, फोन केला. खलाशी घाबरून पाण्यात उड्या मारायच्या बेतात होते. केंद्रातल्या लोकांनी त्यांना बोलण्यात धरून ठेवलं: जहाज सोडू नका, मदत निघाली आहे. दिघी बंदरातून तटरक्षक दलाची 'सुभद्रा कुमारी चौहान' निघाली, दमणहून चेतक हेलिकॉप्टर आली. सोळाही वाचले. पावसाळ्यातल्या त्या समुद्रात उड्या टाकल्या असत्या तर किती सापडले असते, याचा अंदाज कोणीही करू शकतो.

मंगलमचा फोन लागला, कारण किनारा तीन किलोमीटरवर होता. ही गोष्ट नीट लक्षात घ्या. किनाऱ्यालगत मोबाईल चालतो म्हणून लहान बोटवाले त्याच्यावर भिस्त ठेवतात, आणि आणखी थोडं आत गेलं की तो हातात नुसता दिव्यासारखा उरतो. शिवाय फोन लागला तरी तो एकाच माणसाला लागतो. दोन मैलांवरून दुसरी बोट जात असेल तर तिला काहीच कळत नाही.

जहाजावरच्या व्हीएचएफ रेडिओची गोष्ट इथे वेगळी आहे. त्यात नंबर फिरवायचा नसतो. चॅनल १६, म्हणजे १५६.८ मेगाहर्ट्झ, हा जगभर संकटाचा आणि हाक मारायचा चॅनल आहे. त्यावर बोललेलं आसपासच्या सगळ्या जहाजांना, बंदराला, तटरक्षक दलाला एकदम ऐकू जातं. जो जवळ असेल तो आधी पोहोचतो. म्हणूनच चॅनल १६ वर गप्पा मारणं, मासळीचे भाव विचारणं हा साधा खोडसाळपणा मानून सोडून देऊ नये. त्याच मिनिटाला कोणाची तरी हाक त्याखाली दबलेली असू शकते.

व्हीएचएफची लहर साधारण सरळ रेषेत जाते. मोठ्या जहाजाची उंच अँटेना आणि २५ वॉटचा सेट असला तर किनाऱ्याशी वीस-तीस सागरी मैलांपर्यंत बोलता येतं. हातातला पाच वॉटचा सेट बोटीच्या काठावर बसून वापरला तर तीन ते पाच मैल. मध्ये डोंगर आला तर तेवढंही नाही. बाणकोटच्या खाडीसारख्या दोन्हीकडून डोंगर असलेल्या पाण्यात हे कायम ध्यानात ठेवायला हवं. अँटेना जितकी उंच तितकं बरं, इतका साधा हिशेब आहे.

जीव धोक्यात असेल तर शब्द एकच: मेडे. तो तीनदा म्हणायचा. मग बोटीचं नाव तीनदा. मग आपण कुठे आहोत ते. जीपीएसचे आकडे असतील तर आकडे, नसतील तर 'मुरुड जंजिऱ्याच्या पश्चिमेला अमुक मैल' असं. मग काय झालंय, कसली मदत हवी, आणि बोटीवर माणसं किती. जागा आधी सांगायची, कारण पाणी सेटपर्यंत पोहोचलं आणि बोलणं मध्येच तुटलं तरी शोधणाऱ्याला निदान कुठे यायचं ते कळतं. इंजिन बंद पडलंय पण जिवाला लगेच धोका नाही, अशा वेळी 'पॅन-पॅन' म्हणतात. मेडे उगाच वापरला तर खरी मदत चुकीच्या दिशेला पळते.

आता सेटवर झाकणाखाली एक लाल बटण असतं. ते काही सेकंद दाबून धरलं की चॅनल ७० वरून यंत्रच हाक पाठवतं: जहाजाचा नऊ आकडी एमएमएसआय नंबर (भारतीय जहाजांचा ४१९ ने सुरू होतो), सेटला जीपीएस जोडलेला असेल तर जागा आणि वेळ. आसपासच्या जहाजांवर घंटी वाजते. झोपलेला माणूसही उठतो.

या झोपेचीच मोठी किंमत एकदा जगाने मोजली आहे. १९१२ साली टायटॅनिक बुडत होतं तेव्हा 'कॅलिफोर्नियन' नावाचं जहाज जवळपास होतं, पण त्याचा एकुलता एक वायरलेसवाला दिवसभराचं काम संपवून झोपला होता. त्यानंतर १९१४ मध्ये 'सोलास' हा जहाजांच्या सुरक्षेचा आंतरराष्ट्रीय करार झाला आणि चोवीस तास कान उघडा ठेवण्याचा नियम आला. पुढे १९९२ ते १९९९ या काळात जीएमडीएसएस ही व्यवस्था टप्प्याटप्प्याने लागू झाली आणि कान उघडा ठेवायचं काम यंत्राकडे गेलं. मोर्सची टिकटिक बंद झाली, रेडिओ ऑफिसर ही जुनी नोकरी गेली. आता डेकवरच्या अधिकाऱ्यालाच जीओसी हे प्रमाणपत्र काढावं लागतं. तुमचा मुलगा नॉटिकल शाखेत असेल तर हे नाव घरात ऐकलं असेलच.

आपल्या किनाऱ्याची अशीच एक जखम आहे. १७ जुलै १९४७. मुंबईच्या भाऊच्या धक्क्यावरून 'रामदास' आगबोट सकाळी आठच्या सुमाराला रेवसकडे निघाली आणि काश्याच्या खडकाजवळ बुडाली. अर्ध्या-पाऊण तासाचा खेळ. सहाशेहून अधिक माणसं गेली. दुसऱ्या दिवशी अमावस्या, रमजान दोन-तीन दिवसांवर, गावाकडे निघालेल्या हिंदू-मुसलमान घरांची माणसं एकाच बोटीत. रामदासवर वायरलेस नव्हता. मासळी घेऊन मुंबईकडे चाललेल्या कोळ्यांच्या होड्यांनी जमेल तितक्यांना उचललं, पण मुंबई शहराला खबर लागायला दुपार उलटली. तीही पाण्यातून कसाबसा किनाऱ्याला लागलेल्या एका पोराने दिली, असं सांगतात. बोट मुंबई बंदराच्या तोंडाशी बुडाली होती, हे विसरू नका. एवढ्या जवळ असून तास वाया गेले.

माणसाला हाक मारायलाही सवड मिळाली नाही तर? त्यासाठी जहाजावर इपर्ब असतो, पिवळा किंवा नारिंगी डबा. जहाज बुडालं की दीड ते चार मीटर खोलीवर पाण्याच्या दाबाने त्याची कडी सुटते, तो वर येऊन तरंगतो आणि ४०६ मेगाहर्ट्झवर उपग्रहाला खूण देत राहतो, किमान ४८ तास. भारतात ही खूण बंगळुरूच्या केंद्रात उतरते आणि तिथून तटरक्षक दलाकडे जाते.

इथे घरच्या नंबरचा संबंध येतो. प्रत्येक इपर्ब नोंदवलेला असावा लागतो: कोणत्या जहाजाचा, मालक कोण, संकटात किनाऱ्यावर कोणाला विचारायचं. खूण आली की आधी त्या नंबरवर विचारणा होते, कारण यातल्या बहुतेक खुणा चुकीने लागलेल्या असतात. डबा धुताना लागला, भंगारात गेला, असं काहीही. मोठ्या जहाजात हा नंबर कंपनीचा असतो. पण घरची बोट असेल आणि तिच्या नोंदीत पाच वर्षांपूर्वी बंद झालेलं सिमकार्ड लिहिलेलं असेल, तर विचारणारा माणूस रिकाम्या घंटीवर वेळ घालवतो. बोट विकली, नंबर बदलला, तर नोंद त्याच आठवड्यात बदलून घ्या.

लहान मासेमारी बोटींसाठी इस्रोने डॅट नावाचा स्वस्त संच बनवला. बटण दाबलं की उपग्रहातून संदेश मुंबईसारख्या बचाव केंद्रात. जुन्या संचात एक खोट होती: संदेश पोहोचला का, ते बोटीवर कळत नसे. २०२४ मध्ये आलेल्या नव्या संचात 'मिळाला' असा उलट निरोप येतो, आणि वादळाचे इशारेही ब्लूटूथने मोबाईलवर दिसतात. घाबरलेल्या माणसाला 'कोणीतरी ऐकलंय' एवढं कळलं तरी तो बोट सोडायची घाई करत नाही. मंगलमवर नेमकं हेच घडलं होतं.

वेळेवर दिलेली हाक काय करते, याचा एक नमुना आपल्या हरिहरेश्वरला वाहत आला होता. १८ ऑगस्ट २०२२ ला तिथे रायफली असलेली बेवारस बोट सापडली आणि सगळा जिल्हा हादरला. ती 'लेडी हान'. त्या वर्षी जूनमध्ये मस्कतजवळ इंजिन निकामी झाल्यावर आतल्या लोकांनी मदत मागितली होती, आणि काही तासांत एका कोरियन युद्धनौकेने त्यांना उचललं, असं सरकारने विधानसभेत सांगितलं. माणसं केव्हाच सुखरूप होती, नुसती बोट जवळपास दोन महिने भटकत आपल्या दारी आली. टीव्हीवर चर्चा मात्र फक्त रायफलींची झाली.

रेडिओचं दुसरं काम टक्कर टाळणं. ७ ऑगस्ट २०१० ला मुंबई बंदराच्या वाटेत 'एमएससी चित्रा' आणि 'खलिजिया-३' ही जहाजं एकमेकांवर आदळली. चित्रा कलंडलं, कंटेनर पाण्यात पडले, तेल रायगडच्या किनाऱ्यापर्यंत आलं, बंदरं काही दिवस ठप्प. मुंबई आणि न्हावा-शेवा या दोन बंदरांची जहाजं एकाच वाटेने ये-जा करतात, आणि अपघातानंतर पहिल्या दिवसापासून चर्चा झाली ती दोन जहाजांमधल्या संवादाची. एआयएस हे यंत्र आज मोठ्या जहाजांचं नाव, वेग, दिशा एकमेकांच्या पडद्यावर दाखवतं. पण लाकडी बोटीवर एआयएस नसेल तर मोठ्या जहाजाला ती पडद्यावर या मार्गाने दिसतच नाही. रात्री जाळं टाकून बसणाऱ्याने दिवे नीट लावणं आणि १६ वर कान ठेवणं, हे त्याच्याच हातात आहे.

या एआयएसमुळे घराघरात एक नवी काळजी सुरू झाली आहे. मोबाईलवर मुलाच्या जहाजाचा ठिपका बघत बसायचं. ठिपका गायब झाला की रात्रभर झोप नाही. फुकटच्या ॲपमध्ये बहुतेक माहिती किनाऱ्यावरच्या अँटेनांनी पकडलेली असते, त्यामुळे जहाज खोल समुद्रात गेलं की ठिपका जातोच. त्यात घाबरण्यासारखं काही नाही. आखातात तर जून २०२५ च्या युद्धात जीपीएसमध्ये इतका गोंधळ घातला गेला की जहाजं नकाशावर जमिनीवर दिसत होती. त्याच दिवसांत, १७ जूनला, ओमानच्या आखातात 'फ्रंट ईगल' आणि 'ॲडलिन' हे दोन टँकर आदळले.

पण सगळी यंत्रं असूनही माणसं जातात, हेही सांगितलं पाहिजे. नॅव्हटेक्स नावाचं यंत्र ५१८ किलोहर्ट्झवर हवामानाचे इशारे आपोआप पकडून देतं. १७ मे २०२१ ला, ईदनंतर तीनच दिवसांनी, तौक्ते वादळात 'पी-३०५' बार्ज बुडाला. त्यावर २६१ माणसं होती. तो आणि 'वरप्रदा' टग मिळून ८६ जण गेले. वादळाचा इशारा कित्येक दिवस आधीपासून येत होता, तरी बार्ज समुद्रातच राहिला. इशारा आल्यावर जहाज हलवायचं की नाही, हे ठरवणारा माणूस रेडिओच्या बाहेर बसलेला असतो. तुमच्या मुलाची नोकरी ऑफशोअर बार्जवर असेल तर तिथे लाइफ राफ्टची तपासणी कधी झाली, वादळात कुठल्या बंदरात जायचं ठरलंय, हे त्याला विचारायला सांगा. कोणी रागावलं तर रागावू दे.

आणि घरात, जिथे लाईटबिल ठेवता तिथे, एक कागद ठेवा. त्यावर जहाजाचं नाव, सात आकडी आयएमओ नंबर, कोणत्या देशाचा झेंडा, कंपनीचा आणि ज्या एजंटामार्फत मुलगा गेला त्याचा चालू नंबर, एवढं लिहा. नावं सारखी असतात, जहाज विकलं की नाव बदलतं. आयएमओ नंबर मात्र तोच राहतो. घरची बोट असेल तर बोटीचा नोंदणी क्रमांक, रंग, आत किती माणसं, कुठे गेली आणि कधी परतायची. ठरलेल्या वेळेनंतर बोट आली नाही तर भाऊबंदांना फोन करत सकाळ होऊ देऊ नका. तटरक्षक दलाचा शोध-बचावाचा टोल-फ्री नंबर १५५४ आहे, तो चोवीस तास चालतो, आणि तिथे पहिले प्रश्न याच कागदावरचे असतात.