निरोपापूर्वींचे रविवार

सैन्यांत दाखल झालेल्या तरुणाला पहिल्या कांहीं महिन्यांत पुष्कळ गोष्टी शिकविल्या जातात. पाऊल कसें टाकावें, बंदूक कशी धरावी, इतकेंच नव्हे तर अंथरुणाची घडी कशी घालावी, हेंहि तेथें शिकावें लागतें. परंतु हाच मनुष्य पंधरा-वीस वर्षांनीं सैन्यांतून बाहेर पडावयास निघाला म्हणजे त्याला जें शिकणें भाग असतें, त्याची कवाईत कोणत्याहि मैदानावर होत नाहीं. तें शिक्षण ज्याचें त्यालाच मिळवावें लागतें. सह्याद्रीच्या आसपास नेमणूक असलेल्या जवानाला मात्र त्यासाठीं एक चांगली शाळा हाताशीं आहे. ती शाळा म्हणजे चार मित्रांसह केलेली रविवारची डोंगरसहल होय.

प्रथम या निरोपाचें स्वरूप ध्यानांत घेतलें पाहिजे. भारतीय सैन्यांतील जवान साधारणतः अठरा ते एकवीस वर्षांच्या वयांत भरती होतो. पंधरा वर्षें नोकरी झाली म्हणजे तो निवृत्तिवेतनास पात्र ठरतो, आणि पुष्कळ जवान पस्तीस-चाळीस वर्षांच्या सुमारास गणवेश उतरवितात. २०२२ सालीं सुरू झालेल्या अग्निपथ योजनेंत तर शंभरांतील पंचवीसपर्यंत निवडक अग्निवीर वगळतां बाकीच्यांना चार वर्षांनींच परतावें लागतें. ज्या वयांत इतर नोकरदार बढतीच्या पायऱ्या चढत असतो, त्या वयांत सैनिकाला संसाराचा डाव नव्यानें मांडावा लागतो. सरकारनें याची सोय केलेली नाहीं असें नाहीं. संरक्षण मंत्रालयाच्या अखत्यारींत पुनर्वसनाचें स्वतंत्र महासंचालनालय असून तें निवृत्त होणाऱ्यांसाठीं निरनिराळे अभ्यासक्रम चालवितें. महाराष्ट्रांत जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयेंहि आहेत. या व्यवस्थेमुळें हाताला काम मिळण्यास साहाय्य होतें. परंतु मोकळ्या दिवसाला आकार कसा द्यावा, हें कोणतेंहि कार्यालय शिकवूं शकत नाहीं.

ही अडचण वरवर पाहणाऱ्यास क्षुल्लक वाटेल. पण ज्याचा दिवस बिगुलानें उजाडला आणि रात्रीच्या हजेरीनें मावळला, ज्याच्या जेवणाची वेळ, कपड्याचा रंग आणि प्रवासाची दिशा दुसऱ्यानें ठरविली, त्याला आठ तास रिकामे दिले म्हणजे तो गोंधळतो. यांत त्याच्या बुद्धीचा दोष नाहीं. शिस्तीची ती दुसरी बाजू आहे. घरीं परतल्यावर पहिले आठ दिवस पाहुणचारांत जातात. पुढें मात्र तो पहाटे चारला उठून अंगणांत येरझारा घालूं लागतो, घरांतील मुलांना हुकूम सोडूं लागतो, आणि हुकूम पाळला गेला नाहीं म्हणजे मनांतल्या मनांत कुढतो. हें टाळावयाचें असेल तर स्वतःच्या मर्जीनें दिवस घालविण्याचा सराव निरोपाच्या आधींच सुरू झाला पाहिजे.

खडकीच्या छावणींतला एखादा हवालदार डोळ्यांपुढें आणावा. खडकी हें बॉम्बे सॅपर्सचें केंद्र. निवृत्तीला एक वर्ष उरलें आहे. शनिवारीं रात्रीं चौघे मित्र बेत करावयास बसतात: दोघे त्याच्याच बरोबर सुटणारे, एक दोन वर्षांपूर्वीं सुटून पुण्यांत स्थायिक झालेला, आणि एक त्याच्या ओळखीचा कारखान्यांतील कामगार. कोठें जावयाचें? कोणी आज्ञा देत नाहीं, म्हणून पहिला अर्धा तास कोणी बोलतहि नाहीं. “तुम्ही म्हणाल तसें,” असें प्रत्येकजण दुसऱ्याला म्हणतो. अखेर कामगार मित्र म्हणतो, “लोहगडला जाऊं.” पहिला धडा येथेंच मिळतो. आपली आवड बोलून दाखविणें ही देखील एक संवयीची गोष्ट आहे.

सकाळीं खडकीला लोणावळ्याची लोकल धरून मळवलीस उतरावें. तेथून भाजे गांव, आणि गांवावरच्या डोंगरांत सुमारे दोन हजार वर्षांहून जुनीं बौद्ध लेणीं. तेथील चैत्यगृहाच्या कमानदार छतास लावलेल्या लांकडी फासळ्या अजून पाहावयास मिळतात. पुढें चढून गेलें म्हणजे गायमुख खिंड लागते. एका हाताला विसापूर, दुसऱ्या हाताला लोहगड. लोहगडाची वाट गणेश, नारायण, हनुमान आणि महादरवाजा अशा चार दरवाजांतून वळणें घेत वर जाते. येथें सॅपरचा डोळा आपोआप जागा होतो. खालचा दरवाजा घेतला तरी शत्रु वरच्या तटाच्या माऱ्यांतच राहावा, अशी ती रचना आहे. हवालदार ती सोबत्यांना समजावून देऊं लागतो, आणि आजवर ज्या ज्ञानाची किंमत फक्त वरिष्ठांनीं केली, तें ज्ञान कारखान्यांतला मित्रहि कौतुकानें ऐकतो, हें पाहून त्याचें त्यालाच नवल वाटतें. बाहेरच्या जगांत आपली विद्या निरुपयोगी ठरेल, ही भीति अशा वेळीं थोडी ओसरते.

डोंगराचा दुसरा गुण असा कीं तेथें पदाच्या फिती चालत नाहींत. ज्याला वाट ठाऊक तो पुढें, ज्याला धाप लागली तो मध्यें, आणि ज्याच्याजवळ पाणी अधिक तो मागें, एवढाच काय तो क्रम. विंचूकाट्याच्या अरुंद सोंडेवर बसून, खालीं पवनेचें पाणी पाहात, भाकरीची फडकीं सोडलीं म्हणजे खरें बोलणें निघतें. दोन वर्षांपूर्वीं सुटलेला मित्र मग जें सांगतो तें सूचनाफलकावर कधींच लागत नाहीं. निवृत्तिवेतनाच्या कागदांतील नांव, जन्मतारीख आणि पत्नीच्या नांवाचें स्पेलिंग सुटण्यापूर्वींच तपासून घ्यावें. मिळालेल्या रकमेवर नातलगांची नजर पडण्याआधीं तिची वांटणी मनाशीं ठरवावी. पहारेकऱ्याची नोकरी पहिल्या आठवड्यांतच घाईनें पत्करूं नये. आणि मग तो जरा थांबून आणखी एक गोष्ट सांगतो: पहिल्या दिवाळीला त्याला घरांत बसवेना, म्हणून तो एकटाच स्टेशनवर जाऊन गाड्या पाहात बसला होता. हें ऐकल्यावर कोणी हंसत नाहीं. आपल्याला जें होणार आहे तें दुसऱ्यालाहि झालें होतें, एवढें कळलें तरी मनुष्याचें निम्में ओझें उतरतें.

पुढच्या एखाद्या रविवारीं सिंहगड करावा. समुद्रसपाटीपासून सुमारे १३०० मीटर उंचीचा हा गड पुण्याच्या नैर्ऋत्येस आहे. आतकरवाडीच्या पाऊलवाटेनें सुमारे ६०० मीटर चढावें लागतें. १६७० च्या फेब्रुवारींत तानाजी मालुसरे येथें पडले. त्यांची समाधि गडावर आहे. देवटाक्याचें गार पाणी, पिठलें-भाकरी आणि मडक्यांतलें दहीं हा तेथील ठरलेला बेत. गडावरून खालीं पाहिलें म्हणजे खडकवासल्याचें जलाशय दिसतें आणि त्याच्या कांठीं राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीचा परिसर. जेथें सतरा-अठरा वर्षांचीं मुलें सैनिकी आयुष्याचा आरंभ करीत आहेत, तें ठिकाण त्या आयुष्याच्या शेवटाशीं आलेला मनुष्य वरून पाहतो. आपण उतरल्यावर जागा रिकामी राहात नाहीं, ही जाणीव बोंचते आणि धीरहि देते.

या सहलींस कांहीं पथ्यें आहेत. छावणीबाहेर पडण्यापूर्वीं रीतसर परवानगी घ्यावी. पावसाळ्यांत शेवाळलेल्या पायऱ्या व कड्यांच्या कडा टाळाव्या. दसऱ्यापासून माघापर्यंतचा काळ सर्वांत चांगला. प्रत्येकानें दोन-तीन लिटर पाणी बरोबर घ्यावें, कारण उन्हाळा जवळ आला म्हणजे गडावरचीं टाकीं आटतात. कड्याला आग्या मोहोळ दिसल्यास तेथें विडी पेटवूं नये कीं आरडाओरडा करूं नये. सैनिकाला वाटतें कीं ओझें घेऊन वाटेल तेवढें चालण्याची आपल्याला संवय आहे. पण बरोबरच्या मित्राला ती नसते, हें विसरतां कामा नये.

मित्रांचें महत्त्व किती, तें एका परदेशी उदाहरणावरून दिसेल. अमेरिकेंत अर्ल शॅफर नांवाच्या माजी सैनिकानें १९४८ सालीं जॉर्जियापासून मेनपर्यंतची, तीन हजार किलोमीटरांहून लांब अशी अॅपलाचियन डोंगरवाट एका दमांत पायीं पुरी केली. महायुद्ध मनांतून चालून चालून घालवावें, हा त्याचा हेतु होता. ही वाट बालमित्राबरोबर चालण्याचा त्याचा मूळ बेत होता. परंतु तो मित्र इवो जिमाच्या रणांत पडला, आणि शॅफरला एकट्यानें जावें लागलें. ज्यांचे सोबती हयात आहेत, त्यांनीं बरोबर चालण्याचें भाग्य उद्यांवर टाकूं नये.

मात्र सर्वच रविवार मित्रांना देऊन चालणार नाहीं. ज्यांच्याकडे परत जावयाचें, तीं माणसें घरीं आहेत. म्हणून अखेरच्या सहलींपैकीं एक तरी पत्नीसह व मुलाबाळांसह करावी. हवालदाराचा दहा वर्षांचा मुलगा सुटींत खडकीस आला आहे असें समजा. सैन्यांत मिनिटाला १२० पावलें टाकण्याचा सराव असलेला बाप पुढें जातो, आणि मुलगा वाटेंत वाकून एखादा किडा पाहात बसतो. “चल, उठ!” हे शब्द बापाच्या ओठांवर येतात. ते त्यानें गिळले, मागें फिरून तो मुलाशेजारीं उकिडवा बसला आणि त्यानें विचारलें, “काय सांपडलें रे तुला?” तर निरोपाची तयारी पुष्कळच झाली असें समजावें. त्या दिवशीं गडाचा माथा गांठला नाहीं तरी चालेल.