गाडीतील हवेचा फिल्टर : किलोमीटर नव्हे, महिने मोजा

घरात दम्याचा किंवा हृदयविकाराचा त्रास असलेले ज्येष्ठ असले की सारे कुटुंब आपोआप सावध होते. पडद्यांवरची धूळ वेळच्या वेळी काढली जाते, फोडणी देताना स्वयंपाकघराचे दार लोटले जाते, उदबत्ती देवघरातून गॅलरीत जाते. मात्र त्याच आजोबांना तपासणीसाठी गाडीत बसवून काचा वर केल्या की ही सावधगिरी मागे राहते. काचा बंद आहेत, एसी सुरू आहे, म्हणजे धूर बाहेरच राहिला, अशी आपली समजूत असते. वस्तुतः लहान मोटारीच्या आत जेमतेम तीनेक घनमीटर हवा मावते आणि तिच्यात सतत नवी भर पडते ती पुढच्या ट्रकमागून ओढलेल्या हवेची. आठवड्यातून तीनदा डायलिसिसला जाणाऱ्या रुग्णाचा वर्षभरात बराच काळ या चिमुकल्या खोलीत जातो. तेथील हवा गाळण्याचे काम ज्या एका वस्तूकडे आहे, ती शेवटची कधी बदलली हे अनेक घरांत कोणालाच सांगता येत नाही.

ही वस्तू म्हणजे केबिन फिल्टर. गॅरेजमध्ये त्याला ‘एसी फिल्टर’ असेही म्हणतात आणि आपणही तेच नाव घ्यावे. नुसते ‘एअर फिल्टर’ म्हटले तर कारागीर इंजिनाचा फिल्टर समजतो. तो इंजिनात जाणारी हवा गाळतो. आपल्या फुफ्फुसांशी त्याचा काही संबंध नाही. सर्व्हिसिंगच्या बिलावर ‘एअर फिल्टर बदलला’ एवढे वाचून निश्चिंत होणारी कुटुंबे कमी नाहीत. याहून मोठी गंमत अशी, की काही जुन्या किंवा कमी किमतीच्या गाड्यांत या फिल्टरसाठी जागा ठेवलेली असते, पण फिल्टर मुळात बसवलेलाच नसतो. म्हणून तो कधी बदलायचा हे विचारण्यापूर्वी आपल्या गाडीत तो आहे का, हे पाहून घ्यावे.

पुढच्या काचेच्या पायथ्याशी, वायपरच्या मुळापाशी, एक जाळी असते. बाहेरची हवा तेथून आत शिरते. ब्लोअरचा पंखा तिला ओढतो, ती फिल्टरमधून जाते, एसीच्या थंड कॉइलवरून वाहते आणि मग समोरच्या झरोक्यांतून आपल्या चेहऱ्यावर येते. बहुतेक गाड्यांत हा फिल्टर चालकाशेजारच्या आसनासमोरील ग्लोव्ह बॉक्सच्या मागे दडलेला असतो. दिसायला तो कागदाच्या घड्या घातलेल्या पंख्यासारखा असतो. घड्या यासाठी, की थोड्या जागेत अधिक पृष्ठभाग मिळावा आणि हवेला अडथळा कमी व्हावा.

हा फिल्टर म्हणजे पिठाची चाळणी, असे मात्र समजू नये. चाळणी आपल्या छिद्राहून मोठा कण अडवते आणि लहान सोडून देते. येथे कृत्रिम धाग्यांचे दाट, गुंतागुंतीचे जंगल असते आणि दोन धाग्यांमधली मोकळी जागा अडवायच्या कणांहून कितीतरी मोठी असते. तरीही कण अडकतात. रस्त्यावरची माती आणि परागकण जड असल्याने हवेबरोबर वळणे घेऊ शकत नाहीत व धाग्यांवर आदळतात. त्यांहून लहान कण धाग्याला घसटून जाताना चिकटतात. काजळीचे काही कण तर मायक्रॉनच्या काही शतांशांएवढेच असतात. (माणसाचा केस सुमारे ७० मायक्रॉन जाड असतो, यावरून कल्पना यावी.) ते हवेच्या रेणूंचे धक्के खात वेडेवाकडे भटकतात आणि भटकता भटकता धाग्यावर जाऊन बसतात. त्यामुळे निसटण्यात सर्वांत पटाईत असतो तो सर्वांत लहान कण नव्हे, तर ०.१ ते ०.३ मायक्रॉनच्या दरम्यानचा मधला कण. त्याला धरण्यासाठी चांगल्या फिल्टरच्या धाग्यांवर कारखान्यातच स्थिर विद्युतभार दिलेला असतो. केसांवर घासलेला प्लॅस्टिकचा कंगवा कागदाचे कपटे ओढून घेतो, तसेच हे आकर्षण.

या विद्युतभारातच एक महत्त्वाची गोष्ट दडली आहे. दमटपणा, तेलकट धूर आणि साचत गेलेली धूळ यांमुळे धाग्यांचे हे आकर्षण हळूहळू क्षीण होते. ते डोळ्यांना दिसत नाही. फिल्टर फारसा काळा झालेला नसतो, हवाही येत असते. पण फुफ्फुसांच्या तळापर्यंत पोचणाऱ्या नेमक्या त्या सूक्ष्म कणांना तो पूर्वीइतका अडवत नाही. २.५ मायक्रॉन व त्याहून लहान कणांना पीएम २.५ म्हणतात. त्यांचा त्रास दम्यापुरता किंवा सीओपीडीपुरता मर्यादित नाही. हृदयविकार आणि पक्षाघात यांच्याशीही त्यांचा संबंध प्रस्थापित झालेला आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये दिलेल्या मार्गदर्शक पातळीनुसार हवेतील त्यांचे चोवीस तासांचे सरासरी प्रमाण घनमीटरला १५ मायक्रोग्रॅमच्या आत असावे. भारताचे मानक ६० आहे, आणि वर्दळीच्या रस्त्यांवर तेही कित्येकदा ओलांडले जाते.

काही फिल्टर करड्या-काळ्या रंगाचे मिळतात. त्यांत सक्रिय कोळशाचा थर असतो. धुराचे, गटाराचे, कचरा जाळल्याचे वास आणि काही त्रासदायक वायू कोळशाच्या असंख्य सूक्ष्म रंध्रांत धरून ठेवले जातात. थोडी किंमत अधिक पडली तरी श्वसनाचा विकार असलेल्या ज्येष्ठांसाठी हाच घ्यावा, असे माझे मत आहे. मात्र कोळशाची रंध्रे एकदा भरली की भरली. बाहेरचे वास पुन्हा आत येऊ लागले की त्याचे काम संपले असे समजावे, मग तो दिसायला कितीही स्वच्छ असो.

आता मुख्य प्रश्न, तो बदलायचा कधी? गाडीच्या पुस्तिकेत बहुधा १० ते १५ हजार किलोमीटर किंवा एक वर्ष, यांपैकी जे आधी होईल ते, अशा स्वरूपाची सूचना असते. आकडा गाडीगणिक बदलतो. लोकांच्या लक्षात किलोमीटर राहतात, वर्ष विसरले जाते. नोकरीनिमित्त रोज गाडी चालवणाऱ्याला ते चालून जाते. ज्येष्ठांच्या घरची गाडी मात्र फिरते किती? दवाखाना, बँक, एखादे लग्नकार्य; वर्षाकाठी तीन-चार हजार किलोमीटर झाले तरी पुष्कळ. किलोमीटरच्या हिशेबाने तिचा फिल्टर तीन-चार वर्षे ‘चालतो’. एरवी ती सोसायटीच्या आवारात झाडाखाली उभी असते. काचेखालच्या जाळीत पाने-फुले पडून कुजतात, पावसाळ्याचे चार महिने फिल्टर दमट राहतो, त्यावर बुरशी धरते. उभ्या गाडीत उंदीर शिरून फिल्टरच्या घड्या कुरतडतात, तेथे घरटेही करतात. म्हणजे कमी वापरलेल्या गाडीचा फिल्टर चांगला राहतो हा समज नेमका उलटा ठरतो, आणि त्यात बसणारी फुफ्फुसे घरातली सर्वांत नाजूक असतात.

म्हणून आपण महिने मोजावेत. महाराष्ट्रात त्यासाठी दसरा हा उत्तम मुहूर्त आहे. गाडी धुऊन तिला झेंडूचा हार आपण घालतोच. त्याआधी फिल्टर बदलावा. पावसाळ्यातला दमट फिल्टर निघून जातो आणि दिवाळीचे फटाके व थंडीत जमिनीलगत कोंडून राहणारा धूर यांच्यापूर्वी नवा बसतो. पावसानंतर माजणाऱ्या गाजर गवताचे परागही याच सुमारास हवेत असतात. परागकण आकाराने मोठे असल्याने चांगला फिल्टर त्यांना सहज अडवतो. रस्त्याचे काम चालू असलेल्या भागातून रोज जाणे-येणे असेल, किंवा घरात सीओपीडीचा रुग्ण असेल, तर होळीच्या सुमारास पुन्हा एकदा बदलावा. उन्हाळ्यात तुंबलेल्या फिल्टरमुळे एसीची हवा मंदावते, आणि वाढत्या वयात शरीराची उष्णता सोसण्याची ताकद कमी झालेली असते.

त्याआधीही काही खुणा दिसतात. पंखा पूर्ण वेगावर असूनही झुळूक क्षीण लागणे, आवाज मात्र वाढणे, एसी सुरू करताच कोंदट ओलसर वास येणे, पावसात काचेवरचे धुके लवकर न जाणे, गाडीत बसल्यावर शिंका किंवा खोकला सुरू होणे. यांपैकी एक जरी दिसली तरी दसऱ्याची वाट पाहू नये.

गॅरेजमध्ये बहुतेक वेळा जुना फिल्टर काढून त्यावर हवा मारतात आणि तोच परत बसवतात. वरची धूळ उडते, रंग उजळतो आणि आपले समाधान होते. परंतु जोरदार हवेने नाजूक धागे विस्कटतात, आत रुतलेली सूक्ष्म धूळ तशीच राहते. पाण्याने धुतल्यास उरलेला विद्युतभारही जातो. ‘धुता येतो’ असे पुस्तिकेत स्पष्ट लिहिलेले नसेल, तर तो बदलण्याचीच वस्तू आहे. साधा फिल्टर काहीशे रुपयांत मिळतो. बदलून घेताना जुना आपल्या हाती द्यावा, असे आधीच सांगून ठेवावे.

अनेक गाड्यांत हे काम घरीही दहा-पंधरा मिनिटांत होते. ते तरुण हातांनी करावे, कारण वाकून बसावे लागते. ग्लोव्ह बॉक्स रिकामा करून दोन्ही बाजू किंचित आत दाबल्या की तो खाली उतरतो. मागे फिल्टरचे आडवे झाकण दिसते. जुना फिल्टर ओढण्यापूर्वी त्याच्या कडेवरील बाणाचे मोबाइलवर छायाचित्र घ्यावे. हा बाण हवेची दिशा दाखवतो आणि नवा फिल्टर त्याच दिशेने बसला पाहिजे. मास्क घालावा, जुना फिल्टर झटकू नये, सरळ पिशवीत बांधावा. उंदरांची लेंडी दिसली तर कोरडे झाडू नये. हातमोजे घालून जंतुनाशकाने भिजवून पुसावे. ज्येष्ठांनी तेव्हा जवळ थांबू नये. नव्या फिल्टरच्या कडेवर पेनाने तारीख लिहिली की पुढच्या वर्षी आठवणीवर विसंबावे लागत नाही.

एक बटणही ओळखून ठेवावे, गाडीच्या चित्रात वळणारा बाण असलेले. ते दाबले की बाहेरची हवा बंद होते आणि आतलीच फिरत राहते. बहुतेक गाड्यांत ती पुन्हापुन्हा फिल्टरमधून जाते. द्रुतगती मार्गावर भाताण किंवा माडपच्या बोगद्यात शिरण्यापूर्वी, अथवा घाटात धूर ओकणाऱ्या ट्रकमागे अडकल्यावर ते जरूर दाबावे. पण ते तसेच ठेवून देऊ नये. चार माणसांच्या श्वासाने कार्बन डायऑक्साइड झपाट्याने वाढतो, डोके जड होते, चालकाला पेंग येते. धूर मागे पडला की बाहेरची हवा पुन्हा सुरू करावी.

कोंदट वासावर डॅशबोर्डवरची अत्तराची बाटली किंवा गाडीतली उदबत्ती हा उपाय नव्हे. दमेकऱ्याला तो आणखी एक त्रास. मुक्कामापूर्वी चार-पाच मिनिटे एसी बंद करून पंखा चालू ठेवावा, म्हणजे ओली कॉइल वाळते आणि बुरशीला वाव कमी मिळतो.

कार्बन मोनॉक्साइड मात्र कोणताही केबिन फिल्टर अडवत नाही, कोळशाचाही नाही. त्याला वास नसतो. बंद गॅरेजमध्ये इंजिन चालू ठेवून रुग्णाला कधीही बसवू नये. प्रवासात गाडीतल्या एकापेक्षा अधिक जणांचे डोके दुखू लागले, मळमळू लागले आणि बाहेर उतरल्यावर बरे वाटले, तर काचा उघडाव्यात, इंजिन बंद करून सर्वांनी बाहेर यावे, डॉक्टरांना गाठावे आणि धुराड्याची नळी तपासून झाल्याखेरीज ती गाडी पुन्हा वापरू नये.