डब्यातली साखर, पाकिटातली साखर

२०२५ च्या जुलैमध्ये आपलं नागपूर देशभर गाजलं. कशावरून? तर समोसा आणि जिलबीवरून! केंद्रीय आरोग्य खात्यानं सरकारी कार्यालयांमध्ये तेल आणि साखरेची माहिती देणारे फलक लावायला सांगितलं होतं. आपल्या मिहानमधल्या ‘एम्स’च्या कॅन्टीनमध्ये ते लागणार, अशी बातमी आली आणि बघता बघता सिगारेटच्या पाकिटावर असतो तसा इशारा आता जिलबीवर येणार, असं पसरलं. शेवटी सरकारला खुलासा करावा लागला की, ठेल्यावरच्या कुठल्याच पदार्थावर इशारा-बिशारा नाही, फलक फक्त माहितीपुरते आहेत.

आमच्या भिशीत त्या महिन्यात दुसरा विषयच नव्हता. “आता जिलबी खायची तरी चोरी!” म्हणून सगळ्या हसत होत्या. ज्यांच्या घरी भिशी होती त्यांच्या सासूबाई तर म्हणाल्या, “काहून बाप्पा, लेकराले जराशी साखर देल्ली तर का होते? आमची सात लेकरं दूध-साखर खाऊनच वाढली ना!”

आजींचं म्हणणं खोटं नाही. पण त्यांच्या सात लेकरांच्या घरात साखर एकाच डब्यात असायची आणि त्या डब्याची किल्ली आजींकडे होती. आज आपल्या स्वयंपाकघरातला साखरेचा डबा आपल्या ताब्यात आहे, पण लेकरांच्या पोटात जाणारी बरीचशी साखर त्या डब्यातून येतच नाही.

आधी आकडा सांगते, कारण भिशीत सगळ्यांनी तोच विचारला होता. जागतिक आरोग्य संघटना म्हणते, दिवसभराच्या एकूण उष्मांकांपैकी वरून घातलेल्या साखरेचा वाटा १० टक्क्यांच्या आत हवा आणि ५ टक्क्यांच्या आत ठेवला तर अधिक चांगलं. आता उष्मांकाचं गणित आपण कुठं करत बसणार? म्हणून चहाच्या चमच्यात सांगते. सपाट भरलेला एक चमचा म्हणजे साधारण ५ ग्रॅम साखर. त्या ५ टक्क्यांच्या हिशेबानं पाच वर्षांच्या मुलाला दिवसाला तीन-साडेतीन चमचे, आठ वर्षांच्या मुलाला चार चमचे. मोठ्या मुलांनाही पाचाच्या वर नको. आणि दोन वर्षांच्या आतल्या बाळाला वरून साखर अजिबात नको. (बाळाला मध चाटवायची आपल्याकडे पद्धत आहे, पण वर्षाच्या आतल्या बाळाला मध तर मुळीच देऊ नका. त्यातून क्वचित का होईना, गंभीर विषबाधा होऊ शकते.)

चार चमचे ऐकून बऱ्याच जणींना हायसं वाटलं. “आमच्याकडे तर दुधात दोनच चमचे जातात,” असं एक मैत्रीण म्हणाली. मग आम्ही कागद-पेन घेऊन तिच्याच आठ वर्षांच्या मुलाचा आदल्या दिवसाचा हिशेब मांडला. सकाळच्या दुधात एक चमचा साखर, वर ‘ताकदीची’ पावडर. त्या पावडरीत साधारण एक तृतीयांश साखरच असते, म्हणजे दोन मोठ्या चमच्यांत दीड चमचा साखर आली. सोबत चार ग्लुकोज बिस्किटं, त्यांचा एक चमचा. डब्यात पोळीला जॅम लावून दिला होता, त्याचे अडीच. संध्याकाळी क्लासहून येताना बाबांनी आंब्याच्या पेयाचं छोटं पाकीट घेऊन दिलं, त्याचे जवळजवळ पाच! रात्रीच्या दुधात पुन्हा एक. झाले बारा. आणि या पूर्ण दिवसात त्या मुलानं ज्याला आपण ‘गोडधोड’ म्हणतो त्यातलं काही खाल्लंच नव्हतं. ना शिरा, ना लाडू, ना जिलबी.

म्हणून मला त्या जिलबीच्या गोंधळाचं हसू येतं. जिलबी गोड आहे हे सगळ्यांना ठाऊक असतं आणि ती रोज कोणी खात नाही. सणाच्या पुरणपोळीवरून किंवा पाहुण्यांनी आणलेल्या संत्रा बर्फीच्या एका वडीवरून मुलांना रागवण्यात मला तरी अर्थ वाटत नाही. रोजचं पाकीट आणि बाटली मात्र चोरपावलांनी घरात येते.

त्याच वर्षी मे महिन्यात ‘सीबीएसई’नं आपल्या शाळांना साखरेचे फलक लावायला सांगितलं, तेही याच काळजीपोटी. त्या परिपत्रकात म्हटलं होतं की चार ते दहा वर्षांच्या मुलांच्या रोजच्या उष्मांकांपैकी १३ टक्के आणि अकरा ते अठरा वर्षांच्या मुलांच्या १५ टक्के उष्मांक साखरेतून येतात. हवेत किती? तर पाच. म्हणजे आमच्या मैत्रिणीचा बारा चमच्यांचा हिशेब काही जगावेगळा नव्हता.

“मग गूळ देऊ का?” हा प्रश्न तर हमखास येतोच. गुळात थोडंफार लोह असतं, पण हिशेबात गूळही साखरच आणि मधही. फळाचं मात्र वेगळं आहे. अख्खं फळ या चमच्यांत धरत नाहीत, कारण त्यात चोथा असतो, ते चावावं लागतं, पोट भरतं. तेच संत्रं पिळून रस काढला की तो रस हिशेबात आला! आपल्याला तर आंबिया आणि मृग असे दोन बहार मिळतात. लेकराला संत्रं सोलून फोडी द्या, मिक्सर काढूच नका. धुवायचंही वाचतं.

आता दातांबद्दल. दुधाचे दात काय, पडणारच आहेत, असं म्हणून आपण सोडून देतो. पण मागच्या दुधाच्या दाढा दहा-बारा वर्षांपर्यंत तोंडात असतात आणि त्या किडल्या की मूल रात्री ठणक्यानं रडतं, नीट जेवत नाही. तोंडातले जंतू साखरेचं आम्ल करतात आणि ते दात पोखरतं. म्हणून साखर किती खाल्ली याइतकंच ती किती वेळा खाल्ली हेही महत्त्वाचं. दिवसभर थोडं थोडं चघळण्यापेक्षा जेवणासोबत एकदाच गोड खाल्लेलं बरं. आणि साखरेच्या दुधाची बाटली तोंडात धरून झोपायची सवय तर मोडाच.

गोड खाल्लं की जंत होतात, हे मात्र खरं नाही. जंत होतात ते मातीतून, न धुतलेल्या हातांतून. आणि एक गोष्ट मला मुद्दाम सांगायची आहे. ज्या मुलांना लहानपणीच इन्सुलिन लागतं, त्यांच्या आईला नातेवाईक सर्रास म्हणतात, “तूच गोड खाऊ घालून ठेवलंस.” बायांनो, असं कोणत्याही आईला म्हणू नका! टाइप वन मधुमेह साखर खाल्ल्यानं होत नाही. त्यात शरीरच आपल्या इन्सुलिन बनवणाऱ्या पेशी नष्ट करतं. आपल्या नागपुरातली ‘ड्रीम ट्रस्ट’ ही संस्था गरीब घरातल्या अशा मुलांना इन्सुलिन पुरवत आली आहे. त्या आयांच्या डोक्यावर आधीच काय कमी ओझं आहे?

ओझ्यावरून आठवलं. भिशीतल्या त्या कागदावरचे पाच चमचे बाबांनी घेऊन दिलेल्या पाकिटाचे होते. आजोबा खिशात गोळ्या ठेवतात, आत्या येताना केक आणते. मग दात किडले की दवाखान्यात बोलणी कोण खातं? आई! म्हणून हिशेब घरातल्या सगळ्यांसमोर मांडा. मैत्रिणीनं तो कागद फ्रिजवर लावला आणि नवऱ्याला पाकिटाची मागची बाजू दाखवली. तिथं ‘वरून घातलेली साखर’ वेगळी छापलेली असते. तिला पाचानं भागलं की चमचे मिळतात. पुढच्या आठवड्यात बाबांनी पाकिटाऐवजी भाजलेला भुट्टा आणला म्हणे. दुधातली साखरही ती दर आठवड्याला पाव चमच्यानं कमी करत गेली. पावडर आधी बंद केली तर पोरानं दोन दिवस दूधच घेतलं नाही, तिसऱ्या दिवशी घेतलं.

मग आला तान्हा पोळा. लाकडी बैल घेऊन गल्लीतली पोरं बोजारा मागायला दारोदार फिरतात आणि संध्याकाळपर्यंत एकेकाची पिशवी चॉकलेटनं भरलेली असते. आम्ही चौघींनी ठरवलं, यंदा दहाचं नाणं, एक केळ आणि मूठभर शेंगदाणे द्यायचे. पोरांनी नाणी लगेच खिशात टाकली. एक चिमुरडा मात्र केळाकडे पाहत बराच वेळ दारातच उभा राहिला. मग म्हणाला, “काकू, पुढच्या घरी चॉकलेट भेटते का जी?”