दीडशे रुपयांचं यंत्र, वीस वर्षांची गॅरंटी

इंजिनीअरिंगला असाल तर वर्कशॉपमधला हा किस्सा तुमच्याही बाबतीत घडला असेल. लेथवर जॉब लावला, मापं नीट घेतली, तरी तो एका टोकाला जाड नि दुसऱ्या टोकाला बारीक निघाला. टूलला शिव्या घालून उपयोग नसतो, कारण हेडस्टॉक आणि टेलस्टॉकच एका रेषेत नसतात. मी मासकॉमची, लेथला कधी हातही लावलेला नाही. पण यंत्र नीट जुळलेलं नसेल तर काय होतं, हे मला वर्ध्यातच कळलं. तेही चरख्यावर!

वर्ध्याच्या मगनवाडीत मगन संग्रहालय आहे. चरख्यावर संशोधन करणाऱ्या मगनलाल गांधींचं नाव त्याला दिलंय आणि 30 डिसेंबर 1938 रोजी खुद्द गांधीजींनी त्याचं उद्घाटन केलं. शाळेच्या सहलीत आपण सगळेच तिथून रांगेत फिरून आलोय. परत जाल तेव्हा मात्र तिथल्या चरख्यांकडे मेकॅनिकच्या नजरेनं बघा.

1929 साली अखिल भारत चरखा संघानं सुधारित चरख्यासाठी एक लाख रुपयांचं बक्षीस जाहीर केलं होतं. त्या काळचे एक लाख! अटी वाचल्या तर आजच्या एखाद्या मशीनची स्पेसिफिकेशन शीट वाटेल. यंत्र हलकं हवं, खेड्यातल्या साध्या घरात चालायला हवं, बाईमाणसाला फार न दमता आठ तास चालवता यायला हवं. ते भारतात बनावं आणि किंमत 150 रुपयांच्या वर जाऊ नये. मला सगळ्यात भारी वाटली ती पुढची अट: वेळच्या वेळी देखभाल केली तर यंत्र किमान 20 वर्षं चाललं पाहिजे आणि झिजलेले भाग बदलायचा खर्च वर्षाला किमतीच्या 5 टक्क्यांपेक्षा जास्त नको.

जरा हिशेब करा. 150 चे 5 टक्के म्हणजे वर्षाला साडेसात रुपये. वीस वर्षांचे झाले 150. म्हणजे आयुष्यभराची दुरुस्ती फार तर यंत्राच्या किमतीइतकी. हाच नियम तुमच्या पंधरा हजारांच्या मोबाइलला लावला तर वर्षाला 750 रुपये होतात. त्यात स्क्रीन बदलून मिळते का, विचारून बघा.

ही अट काही हौस म्हणून घातलेली नव्हती. कातणाऱ्या बाईला पैसे मिळायचे ते सुताचे. चरखा बंद पडला की तिची त्या दिवसाची कमाई गेली, आणि तालुक्याच्या गावाहून मिस्त्री आणायचा तर आठवड्याची गेली.

आता बिघडतं काय, ते बघू. सूत पिळलं जातं ते चातीवर, म्हणजे त्या बारीक लोखंडी काडीवर. चाक एकदा फिरतं तेवढ्यात चाती कितीतरी फेरे घेते, त्यामुळे तिला केसभर बाक आला तरी टोक थरथरतं आणि धागा तुटतो. मी कातायला बसले तेव्हा माझा धागा सारखा तुटत होता. मी गुपचूप पेळूला दोष देत होते. शेजारी बसलेल्या काकूंनी चाती काढली, काचेच्या तुकड्यावर ठेवून बोटानं लोटली. चाती उड्या मारत गेली. ‘‘पोरी, ही वाकली आहे,’’ एवढंच म्हणाल्या. मग फुगवटा वर धरून, लाकडावर टेकवून हलके दोन ठोके. परत काचेवर. परत एक ठोका. मशीन शॉपमध्ये डायल गेज लावून रनआउट बघतात ना, तेच काम, फक्त गेज नव्हता.

दुसरी भानगड माळेची. चाकाची गती चातीपर्यंत नेणारी ही दोरी सैल पडली की घसरते, पीळ कमी बसतो आणि सूत कच्चं निघतं. फार ताणली तर चाक जड जातं, चातीचा आधार झिजतो. पावसाळ्यात सुती माळ ओल धरते आणि ताण बदलतो, म्हणजे जूनमधलं सेटिंग ऑगस्टमध्ये चालेलच असं नाही. तेलाचंही तसंच. आधी कापसाची फुसफुस पुसायची, मग थेंबभर तेल. न पुसता घातलं तर त्याचा चिकट लगदा होतो.

नंतर आलेल्या अंबर चरख्यात रोलर आले, रिंग आली, एकाऐवजी अनेक चात्या आल्या. सूत जास्त निघू लागलं, पण जुळवणीही नाजूक झाली. चाती रिंगच्या बरोबर मधोमध नसेल तर प्रत्येक फेऱ्याला धाग्यावरचा ताण कमीजास्त होतो. रोलर जरा वाकडा फिरला तर सूत ठरावीक अंतरानं जाड-बारीक येतं. सुरुवातीचा लेथवरचा जॉब आठवला ना?

त्या लाखाच्या बक्षिसासाठी किर्लोस्करवाडीच्या किर्लोस्कर बंधूंनीही यंत्र बनवून पाठवलं होतं. लोखंडी नांगर बनवणारी ही माणसं. पुढे 1941 मध्ये त्यांनी हरिहरला लेथ बनवायचा कारखानाच काढला. पण सगळ्या अटींत त्यांचं यंत्रही बसलं नाही. बक्षीस शेवटपर्यंत कुणालाच मिळालं नाही.

मला विचाराल तर अटी सैल करून कुणाच्या तरी गळ्यात बक्षीस घातलं नाही, हे बरंच झालं. मगनवाडीतच आज महात्मा गांधी ग्रामीण औद्योगिकीकरण संस्था आहे आणि तिथं सौर चरख्यावरही काम झालंय. फायनल इयरला प्रोजेक्टचा विषय शोधत असाल तर तिकडे एक चक्कर मारा. जाताना खिशात काचेचा छोटा तुकडा असू द्या.